बोकड नेणारा माणूस

हल्ली वर्तमानपत्रात जो तो बळीचा बकरा होत असतो. पूल खचला की ओव्हरसियर बळीचा बकरा, परीक्षेचा पेपर फुटला की शिपाई बळीचा बकरा. खापर भलत्याच्याच डोक्यावर फुटलं, एवढंच म्हणायचं असतं. पण मला हा शब्द वाचला की चीड येते. बळी दिलेला बकरा एका घावात सुटतो आणि संध्याकाळी लोक त्याचा रस्सा ओरपतात. ज्याच्यावर सगळ्यांचं लादतात तो बकरा वेगळा. त्याला कोणी मारत नाही. त्याला जिवंत शिवेबाहेर नेऊन सोडतात आणि परत येऊ देत नाहीत. हा प्रकार मी या डोळ्यांनी पाहिला आहे, पुसद तालुक्यात, मोहाच्या तांड्यावर. पण मला सांगायचं आहे ते त्या बोकडाबद्दलही नाही. बोकड आपल्या पायानं शिवेबाहेर जात नाही, कोणाला तरी दोरी धरून न्यावं लागतं. तिथं दोरी धरणाऱ्याचं नाव खेमसिंग होतं.

मी तेव्हा आरोग्य खात्यात लस टोचणारा होतो. हुद्दा लहान, सायकल सरकारी, आणि दरारा मात्र फौजदाराएवढा. मी गावात शिरलो की बाया लेकरं काखेला मारून कापसाच्या पऱ्हाटीत लपायच्या. या नोकरीत माझ्यावर कोणी प्रेम केल्याचं मला आठवत नाही.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली आणि मी मोहाच्या तांड्याकडं निघालो. तांडा म्हणजे लमाणांची वस्ती. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. रेल्वे आली, तो धंदा बुडाला आणि ही माणसं टेकडीच्या कुशीत घरं बांधून ज्वारी-कापूस पिकवू लागली. आपसात त्यांची गोरबोली, माझ्याशी वऱ्हाडी. तांड्याच्या अलीकडं एक नाला आहे. नाल्याच्या काठी, वस्तीपासून चांगलं लांब, पडीत रानात एक खोपडी दिसली. तिच्यातून एक उंच, वाळकासा माणूस बाहेर आला आणि त्यानं हात वर केला.

"तिथंच थांबा, सायब. माह्याजवळ येऊ नका."

मी सायकलवरून उतरलो. "काहून? पटकी झाली का तुम्हाला?"

"मले नाही झाली. तांड्याची होती, ते नेऊन सोडली म्या. अमोशापर्यंत माह्याजवळ कोनी येत नाही."

"आणि मी आलो तर?"

"तं तुमचं तुमी पाहा," तो म्हणाला आणि जरासा हसला. "पन कोनी येत नाही."

मी नाल्याच्या या काठाला बाभळीखाली बसलो, तो त्या काठाला. दोघं मोठ्यानं बोलत राहिलो. माझ्या घशाला कोरड पडली तरी त्याचं बोलणं संपेना. या माणसाला बोलायची भूक आहे, हे मला तेव्हाच कळलं.

पद्धत अशी होती. तांड्यात पटकी शिरली की नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, एक काळा बोकड निवडायचा. प्रत्येक घराच्या छपरातून एकेक काडी उपसून मरीमायच्या, म्हणजे पटकीच्या देवीच्या, दगडापुढं पेटवायची. बोकडाला शेंदूर फासून घरोघर फिरवायचं. घरातल्या प्रत्येकानं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, पाळण्यातल्या लेकराचाही हात धरून ठेवायचा. मग काड्यांचा धूर जिकडं जाईल तिकडं बोकडाला शिवेपार नेऊन सोडायचं. सगळ्यांचं दुखणं बोकड घेऊन जातो. पण दोरी ज्याच्या हातात असते त्यालाही त्यातलं थोडं चिकटतं, आणि तो घरी परतला की ते त्याच्या बायकोला नाही तर लेकराला धरतं. म्हणून नेणारा असा पाहिजे, की ज्याला कोणीच नाही.

खेमसिंगला कोणीच नव्हतं. आईबाप तो लहान असतानाच गेले. बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि मूलही गेलं. तिच्या दुखवट्याला लोक येत होते तेव्हा नायक धावजीही आला. खेमसिंगला वाटलं, धीर द्यायला आला. नायक थोडा वेळ बसला आणि उठताना म्हणाला, "खेमसिंग, आता तू या कामाचा झाला." तेव्हापासून पटकी असो, देवी असो, ढोरांची साथ असो, दोरी खेमसिंगच्या हातात.

तांडा त्याला वाईट वागवत होता असं कोणी म्हणू नये. सुगीला घरटी ज्वारी मिळायची, हिवाळ्यात घोंगडी मिळायची. लग्नात तो पहिल्या पंगतीला असायचा, फक्त कडेला, आणि त्याच्या शेजारचं पान रिकामं असायचं. चिलीम फिरत फिरत त्याच्याजवळ आली की त्याच्यासाठी वेगळी निघायची. नवी सून आली की तिला थोरांच्या पाया पडायला घरोघर नेत, त्याच्या घरी नेत नसत. त्याला कोणी शिवी दिली नाही. "कोनी भांडलंही नाही, सायब," तो मला म्हणाला. "भांडले असते तं बरं वाटलं असतं."

मी निघालो तेव्हा त्यानं पलीकडून हाक मारली. "सायब, हे शेवटचं. मी बाई आनून राह्यलो."

तिचं नाव सुखीबाई. दिग्रसकडच्या एका तांड्यावरची विधवा. त्यांच्यात नवरा गेला की बाई बहुधा धाकट्या दिराच्या घरी जाते, पण हिला दीर नव्हता आणि मूलबाळही नव्हतं. ती पुसदच्या बाजारात मोळ्या विकायची. खेमसिंग तिथं बैलाची वेसण घ्यायला गेला होता आणि तिनं त्याला हाक मारली, "ओ भाऊ, मोळी उचलू लागा." हा कोण, काय करतो, तिला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं मोळी तिच्या डोक्यावर ठेवली, मग तिच्यासोबत बाजारभर चालत राहिला. पुढं त्यानं तिला सगळं खरं सांगून टाकलं. तेव्हा ती म्हणाली म्हणे, "तुमाले कोनी नाही, मले कोनी नाही. मंग भ्यायचं कोनासाठी?" हे वाक्य तो मला दर भेटीत ऐकवायचा.

त्या हिवाळ्यात पंचांनी परवानगी दिली. कापसाला भाव चांगला होता, रोगराई नव्हती, नायक खुशीत होता. पुढच्या वेळी दोरी कोण धरणार हा विचार तेव्हा कोणाच्याच डोक्यात आला नाही. माणसं अडचण दारात आल्याशिवाय तिच्याकडं बघत नाहीत, त्यात तांड्याचं काही विशेष नाही. आमच्या खात्यातही तेच चालायचं.

पुढं दोनेक वर्षं मी त्या बाजूला गेलो की खेमसिंगच्या घरी चहा प्यायचो. आधी ते घर म्हणजे चार भिंती आणि एक घोंगडी होतं. आता दारावर आरसे आणि कवड्या जडवलेलं तोरण होतं, भुई सारवलेली होती. लमाण सवाशिणी कानाजवळच्या केसांत चांदीच्या घुगऱ्या लोंबत्या सोडतात, विधवा झाली की काढून ठेवतात. सुखीबाईनं त्या पुन्हा घातल्या होत्या. ती घरात कुठं आहे हे आवाजावरून कळायचं. आणि ती भांडायची. मीठ संपलं म्हणून, सरपण ओलं आणलं म्हणून, पाहुण्यासमोर तोंड उघडं टाकून काय बसलात म्हणून. खेमसिंग माझ्याकडं बघून सुखानं हसायचा. इतका सुखी माणूस मी त्या जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि मी जिल्हा पुष्कळ फिरलो आहे.

साठ सालच्या श्रावणात पटकी पुन्हा आली. मी सुयांचा डबा घेऊन पोचलो तोवर तांड्यात दोन माणसं दगावली होती. खेमसिंगच्या अंगणासमोरच्या मोहाच्या झाडाखाली पंच बसले होते. नायक धावजी होता, आणि त्याचा कारभारी बाबुलाल. बाबुलाल हुशार माणूस होता. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

"बोकड काढला आहे," नायक खेमसिंगला म्हणाला. "दोरी धर."

"मले आता घर आहे, नायक. दुसरा पाहा."

मग दुसरा पाहायला सुरुवात झाली. मी तिथंच उभा होतो, म्हणून सांगतो. एवढा मोठा तांडा, पण ज्याला कोणी नाही असा एक माणूस सापडेना. म्हाताऱ्याला लेक होती. आंधळ्याला भाऊ होता. दारू पिऊन ओट्यावर पडलेल्यालाही शिव्या घालत भाकरी देणारी आई होती. सबंध वस्तीत खरा एकटा असा एकच होता आणि त्यानं नेमकं घर करून ठेवलं होतं. लोक खेमसिंगकडं अशा नजरेनं बघू लागले की जणू त्यानं तांड्याचं काही चोरलं आहे.

रामीबाई म्हणून एक तरुण बाई होती. तिचं तान्हं सकाळी गेलं होतं आणि थोरलं पोर ओकत होतं. ती ते पोर मांडीवर घेऊन खेमसिंगच्या अंगणात येऊन बसली. सुखीबाईनं तिला पाणी दिलं, तेही तिनं घेतलं नाही.

तेव्हा बाबुलालनं तोड काढली. "काडी मोडा," तो म्हणाला. पंचांपुढं गवताची काडी मोडली की नवराबायकोचं नातं तुटतं. "काडी मोडली की खेमसिंगले कोनी नाही. पटकी गेली की पुन्हा जोडू. चार दिवसाची गोष्ट."

सगळ्यांना ते एकदम पटलं. मलाही, खोटं कशाला सांगू, ती पळवाट बरी वाटली. कोणाचं काही जात नव्हतं. खेमसिंग मात्र कोणाकडं न बघता अंगणात बसलेल्या रामीबाईकडं बघत होता.

सुखीबाई पंचांसमोर आली. "पुन्हा जोडनार नं?" तिनं नायकालाच विचारलं.

"पटकी गेली की पंच बसतीन," नायक म्हणाला.

तिनं आपल्या हातानं घुगऱ्या सोडल्या आणि पदरात बांधल्या. खेमसिंगनं काडी मोडली. ती इतकी बारीक होती की मोडल्याचं मागच्या लोकांना दिसलंसुद्धा नाही आणि बाबुलालला दोन्ही तुकडे वर धरून दाखवावे लागले.

मी नायकाला सांगत होतो की आधी लस टोचू द्या. नायक म्हणाला, "आधी बोकड, मंग तुमची सुई." मी वाद घातला, आवाज चढवला, शेवटी डबा मांडीवर घेऊन बसलो. बोकड घरोघर फिरला. हात ठेवणाऱ्यांची रांग लागली. माझ्या आयुष्यात लसीसाठी अशी रांग कधी लागली नव्हती. बोकड अंग चोरत होता, शेंदरानं त्याचे डोळे चुरचुरत असावेत. धूर नाल्याकडं वळला आणि खेमसिंग दोरी धरून चालू लागला. तो बोकडाला ओढत नव्हता. आपलं जनावर पाण्यावर न्यावं तसा त्याच्या चालीनं चालत होता. लोकांनी दारं लावून घेतली. अंगणात मी आणि सुखीबाई दोघंच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या तांड्याला टोचलं, नायकालाही टोचलं, आणि विहिरीत लाल औषध टाकलं. पटकी हटली. रामीबाईचं थोरलं पोर जगलं. बोकडाला आणि मला निम्मं निम्मं श्रेय मिळालं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण सगळं बोकडानं नेलं.

अमावस्या झाली. खेमसिंगनं नाल्यात अंघोळ केली, कपडे धुतले आणि ते ओलेच अंगावर घालून तांड्यात आला. दरम्यान सुखीबाईला पंचांनी विहिरीजवळची एक रिकामी खोली दिली होती. खेमसिंग थेट तिकडं निघाला. बाबुलालनं त्याला वाटेत थांबवलं. घाई कशाला, म्हणाला, दसरा होऊ दे. दसरा झाला. मग होळी होऊ दे म्हणाला. होळीनंतर मात्र पंच खरंच बसले. मी मुद्दाम त्या दिवशी गेलो होतो.

"काडी मोडली म्हनून मरीमाय गेली," बाबुलाल म्हणाला. "आता जोडली तं वापस येईन. ज्याले वाटते त्यानं जबाबदारी घ्यावी."

माझं टाळकं फिरलं. मी म्हणालो, "पटकी सुईनं थांबली, काडीनं नाही. तुमच्या सगळ्यांच्या दंडात मी ती टोचली आहे."

"सुई तं खालच्या गावातही टोचली, सायब. तिथं मानसं मेली का नाही?"

मेली होती. तिथं मी उशिरा पोचलो होतो, रोग आधीच घरोघर शिरला होता. मी हे समजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मलाच ते सबबीसारखं ऐकू आलं. शेवटी हात टेकले. पंचांनी सुखीबाईच्या तोंडाला अशी पानं पुसली आणि कोणाला वाईटही वाटलं नाही. रामीबाई आपलं पोर कडेवर घेऊन लांब उभी होती. तिनं काय बोलावं?

मी खेमसिंगला बाजूला घेतलं. म्हणालो, "तिला घेऊन निघा इथून. यवतमाळला चला. शहराजवळ लोहारा गावी कामं निघताहेत, मी ओळखीनं लावून देतो. इथं काय ठेवलंय तुमचं?"

तो तंबाखू मळू लागला. "मी गेलो अन् इकडं एखादं पोट्टं गेलं तं?"

"नाही जाणार. मी सांगतो ना."

"तुमी चांगलं सांगता. पन गेलं तं?" तो म्हणाला. "बोकडाले समजत नाही त्याच्यावर काय लादलं ते. मले समजते, सायब. मी कसा पळू?"

मला त्याचा फार राग आला. त्याच्या जागी मी असतो तर गेलो असतो, असं मी सायकलवर बसून स्वतःला बजावत राहिलो. पण मी त्याच्या जागी नव्हतो. माझ्या घरी बायको होती, दोन मुली होत्या, आणि उशीर झाला तर तिघी वाट बघत असायच्या.

यवतमाळच्या दवाखान्यात तेव्हा आमचा एक ख्रिस्ती कंपाउंडर होता. मी एकदा खेमसिंगची गोष्ट सांगत होतो, तर तो म्हणाला, हे आमच्या धर्मग्रंथात आहे. मी थापच समजलो. त्यानं दुसऱ्या दिवशी ग्रंथ आणून त्यातला जुना भाग वाचून दाखवला. ज्यू लोकांचा प्रायश्चित्ताचा एक दिवस असायचा. त्या दिवशी दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाच्या वाट्याचा, त्याचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य पुरोहितानं दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं उच्चारायची आणि त्याला जिवंत रानात सोडायचं. ज्या माणसानं त्याला न्यायचं त्यानं नंतर कपडे धुवावेत, अंघोळ करावी, मग छावणीत यावं. हजारो वर्षांपूर्वीचं, वाळवंटातलं. त्या बकऱ्यावरून पुढं किती अर्थ निघाले तेही कंपाउंडरनं सांगितलं, त्यांचा देवाचा पुत्रसुद्धा सगळ्या जगाचं पाप असंच अंगावर घेऊन गावाबाहेर गेला म्हणे. बकऱ्याचं असं सोनं झालं. दोरी धरणाऱ्याचं पुढं काय झालं ते कोणीच लिहिलेलं नाही.

मी हे सगळं खेमसिंगला सांगितलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल, आपलं काम एवढं जुनं, एवढ्या मोठ्या ग्रंथात आलेलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "त्या मानसाले बायको होती का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मंग होती," खेमसिंग म्हणाला.

"कशावरून?"

"नसती तं लिहिलं असतं. कोनी नसनं, हेच तं त्याचं काम होतं."

आम्ही चहा प्यायलो. चहा आता तो स्वतःच करायचा आणि त्यात धूर उतरायचा.

वर्षं गेली. खेमसिंगचं घर तांड्याच्या खालच्या टोकाला, सुखीबाईची खोली वरच्या टोकाला. मधे वस्ती. सकाळी ती विहिरीवर उभी राहिली की त्याच्या अंगणातून दिसायची, आणि तो त्या वेळी अंगणातच असायचा. बोलणं नाही, जाणंयेणं नाही. मी गेलो की सुखीबाई घागर टेकवून मला विचारायची, "ते काही म्हनतात का?"

"म्हणतात, पंच बसतीन," मी सांगायचो. ती घागर उचलून चालू लागायची. सुरुवातीला दर वेळी विचारायची. मग कधीमधी. मग तिनं विचारणं सोडलं.

या काळात पटकी पुन्हा आली नाही. लस घरोघर पोचली, विहिरीला कठडा झाला, शाळा झाली. बाया माझ्यापासून पळायच्या बंद झाल्या, आणि मला त्याचं थोडं वाईटच वाटलं. काळा बोकड निवडायची वेळ आली नाही. बाबुलाल गेला, नंतर नायक धावजीही गेला, आणि धावजीचा मुलगा भावसिंग नायक झाला. पुसदला मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मोकळा पोरगा. सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा त्यानं माझ्यासमोरच खेमसिंगला सांगितलं, "काका, कायचं घेऊन बसले तुमी जुनं? जा, आना काकीले. पंचायले मी पाहून घेतो."

खेमसिंग उठून घरी गेला. धुतलेलं धोतर नेसला, पागोटं बांधलं, पिकलेल्या मिशांना तेल लावलं. आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सायब, तुमी चाला माह्यासंग. माह्याकडून कोनी एक मानूस पाह्यजे."

मी गेलो. खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या लग्नाला मी एवढ्या आनंदानं चाललो नसेन. त्याच्याकडून एक माणूस पाहिजे होता आणि तो मी होतो.

सुखीबाई दारात तूर पाखडत होती. आम्हाला बघून तिनं गोधडी अंथरली, तांब्या भरून आणला. खेमसिंगला तोंड उघडवेना, म्हणून मीच सगळं सांगितलं, मोठ्या अभिमानानं. भावसिंगनं परवानगी दिली, पंचांची आता हरकत नाही, आज चाललात तरी चालेल.

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे नायकानं पाठवलं," ती म्हणाली.

"हो."

"मी रोज वाट पाहे, सायब. काही मोठा रस्ता नाही, तुमी आता आलेच नं चालत. मले वाटे, आज हे कोनाले न पुसता येतीन. पंच काय करते? तांड्याबाहेर काढते. काढलं असतं तं दोघं गेलो असतो. मोळ्या विकायले मले येतेच. गाठोडं बांधून ठेवलं होतं म्या."

"पोट्ट्यायचं भ्याव होतं, सुखी," खेमसिंग म्हणाला. इतक्या वर्षांनी तो तिच्याशी बोलत होता.

"होतं. मलेही होतं. तुमी वाईट केलं असं मी कवाच म्हनलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी तिची समजूत काढली असती. "पन तांड्याले तुमी पाह्यजे होते तवा तुमी तांड्याचे झाले. आता तांड्याले नको झाले, तं माह्याकडं आनून सोडले. मी कायले घेऊ?"

खेमसिंगनं तांब्यातलं पाणी पिऊन संपवलं. तांब्या नीट जमिनीवर ठेवला. "बरं," तो म्हणाला आणि उठला. सुखीबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मला तिचा संताप आला. दोन म्हातारी माणसं, उरलेली चार वर्षं एका चुलीपुढं बसली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? मी तिला चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, पण तिच्या बोलण्यातला एकही शब्द मला खोडता येईना. मी खेमसिंगच्या मागं निघालो.

वाटेत ओट्यांवर बसलेली माणसं आम्हाला राम राम घालत होती. काय झालं ते त्यांना कळलं असावं. खेमसिंग प्रत्येकाला राम राम घालत चालला होता. शाळेजवळ आल्यावर तो थांबला.

"सायब, ते पटकी आता येत नाही का? खरं सांगा."

निदान या बाबतीत तरी मला त्याला चांगली बातमी देता येत होती. मी म्हणालो, "नाही येत. आता लस आहे, विहीर चांगली झाली. बोकड न्यायची वेळ तुमच्यावर पुन्हा येणार नाही. मी लिहून देतो."

तो पुढं चालू लागला. त्याच्या अंगणात पोचलो, त्यानं दाराची कडी काढली आणि पागोटं उतरवून हातात घेतलं.

"मंग आता मले कोनी बोलावनार नाही," तो म्हणाला.